मयात चाला

डिसेंबरची पहाट. सातपुड्याची काळी रेघ समोर ठेवून तुम्ही सावद्याबाहेरच्या एका केळीबागेच्या बांधावर उभे आहात. बागेतून ओला गारवा येतोय, पलीकडच्या हरभऱ्याच्या वावरावर धुकं बसलंय. सोबत बागवाल्यांचा नातू आहे, दहा वर्षांचा, कानाला मफलर गुंडाळलेला. रात्रीतून ठिबकची नळी कुणीतरी कुरतडली म्हणून तो वाकून बघतो, आणि नळीशेजारीच त्याला उंदीर दिसतो. मेलेला. पाठ तांबूस, पोट पांढरं, डोळे टपोरे, शेपटी लांब आणि तिच्या टोकाला काळसर केसांचा झुपका. शेपटीला धरून बांधापलीकडे भिरकावून द्यावा म्हणून पोरगा हात पुढे करतो.

"हात नको लावू रे त्याले," तुम्ही म्हणता.

इथून आपण मागे मागे जाणार आहोत. गाव हेच, सावदा. मधल्या एका मुक्कामाला तेवढी मुंबई. दर मुक्काम सोडताना तुमच्याजवळचं काहीतरी माझ्याकडे ठेवून जावं लागेल. आत्ता तुमच्या खिशात फोन आहे, पाठपिशवीत डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांची पट्टी आहे, आणि डोक्यात सव्वाशे वर्षांचं शास्त्र आहे. शेवटच्या मुक्कामाला यातलं काहीच उरणार नाही. म्हणून जे समजून घ्यायचं ते इथेच, या बांधावर घ्या.

हा उंदीर घरातला नाही. इंग्रजीत याला इंडियन जर्बिल म्हणतात. बांधात बिळं करून कळपानं राहतो, रात्री निघतो, ज्वारी-हरभऱ्यावर जगतो. प्लेगचा जंतू, यर्सिनिया पेस्टिस, मुळात माणसाचा नाहीच; तो अशा रानातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा आणि त्यांच्या पिसवांचा. भारतात तो रानात टिकून राहतो तो मुख्यतः याच जातीच्या वस्त्यांमध्ये. काही मरतात, काही पचवतात, आणि जंतू बिळातल्या बिळात वर्षानुवर्षं फिरत राहतो. घरातला काळा उंदीर मात्र त्याला पचवू शकत नाही. रानातली पिसू घरउंदरावर आली की तो पटापट मरतो, आणि मग पाळी आपली. बांधावरची खोपी, शेतातलं गोदाम, कडब्याची गंजी, गावकुसाची शेवटची घरं: रानचा उंदीर आणि घरचा उंदीर एकमेकांना भेटतात ते इथे.

मी आयुष्यभर लोकांना उंदराला भ्यालेलं पाहिलंय. पिसवेला भिणारा माणूस क्वचित भेटला. उंदीर जिवंत आहे तोवर पिसू त्याच्या अंगावर सुखात असते. त्याचं अंग थंड पडलं की ती उपाशी आणि बेघर होते. मग ती उडी मारते, आणि जे पहिलं गरम अंग सापडेल त्याला चावते. शेपटीला धरू पाहणारा या पोराचा हात म्हणजे तिच्यासाठी नवं घर. प्लेगपासून जपायचं म्हणजे या बेघर पिसवेपासून जपायचं. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

म्हणून पोराला चार पावलं मागे घ्या. त्या जागी बसू नका, बिळाच्या तोंडाशी डबा सोडू नका. पँट मोज्यात खोचा. पिसू उडते ती घोट्याच्या उंचीवर. कीटक दूर ठेवणारं मलम पायाला लावलेलं असेल तर उत्तम. उंदीर उचलणं भागच असेल तर आधी त्याच्यावर कीटकनाशक फवारा, थोडं थांबा, मग रबरी हातमोजे घालून, प्लॅस्टिकची पिशवी उलटी करून हातावर चढवा आणि तिच्यातच त्याला पकडून पिशवी सुलटी करा. वर दुसरी पिशवी, गाठ, आणि कुत्र्या-मांजराला उकरता येणार नाही इतका खोल खड्डा. मग साबणानं हात. हातावर ओरखडा असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा, कारण मेलेल्या जनावराच्या रक्तातून, कातड्यातूनही जंतू शिरतो. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात हाटकोटी भागात असंच झालं. शिकाऱ्यानं आजारी रानमांजर मारून सोललं, आणि त्याच्यापासून घरच्यांना, जवळच्यांना. १६ जण आजारी पडले, चौघे गेले. २००४ साली उत्तरकाशी जिल्ह्यातल्या डांगूड गावात आठ आजारी, तिघे गेले. भारतातली ही शेवटची नोंदलेली साथ.

तेव्हा घाबरू नका. बांधावर एक उंदीर मेला म्हणजे प्लेग आला असं नाही. कुणी झिंक फॉस्फाइडचं आमिष टाकलं असेल, साप असेल, म्हातारपण असेल. आज या वावरात चिखलात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला उंदराच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीती प्लेगपेक्षा कितीतरी जास्त आहे. तिथेही तेच हातमोजे आणि तेच गमबूट कामाला येतात. धोक्याची खूण वेगळी असते. कुणी विष घातलेलं नाही, आणि चार-आठ दिवसांत उंदीर मरून पडताहेत, दिवसाउजेडी झिंगल्यासारखे चालताहेत, मांजर मलूल झालंय, पायाला पिसवा चावताहेत. असं दिसलं की सरकारी दवाखान्यात कळवायचं. त्याच दिवशी.

आणि तोवर एक चूक करायची नाही. उंदीर मारत सुटायचं नाही. शंभर उंदीर मारले तर त्यांच्या अंगावरच्या साऱ्या पिसवा एका रात्रीत बेघर होतात. आधी बिळांत आणि उंदरांच्या वाटांवर पिसूनाशक पावडर, उंदीर त्यानंतर. हा क्रम उलटला तर उपायच साथ पसरवतो. माझ्या मते प्लेगबद्दल शाळेत एकच वाक्य शिकवायचं असेल तर हे शिकवावं: आधी पिसू, मग उंदीर.

बागेकडून आजोबा हाक मारतात. पोरगा पळतो. रानातल्या उंदराला हात लावून आलेल्या कुणाला आठवडाभरात थंडी वाजून ताप भरला, जांघेत, काखेत किंवा मानेला दुखरी गाठ आली, तर डॉक्टरला आधी उंदराबद्दल सांगायचं, तापाबद्दल नंतर. पहिल्या दिवशी औषध मिळालं तर माणूस बरा होतो. औषध नसेल तर गाठीच्या प्लेगनं शंभरातले ३० ते ६० जातात, आणि जंतू फुप्फुसात उतरला तर बहुधा कुणीच उरत नाही.

फोन द्या.

*

सप्टेंबर १९९४ ची एक रात्र. तुम्ही सुरतहून निघालेल्या भुसावळ पॅसेंजरच्या डब्यात आहात, पण बसायला जागा नाही. दारात, संडासात, सामानाच्या फळ्यांवर माणसं आहेत. जवळजवळ प्रत्येकाच्या नाकातोंडावर रुमाल, ओढणी, टॉवेल. कुणी खोकला की डब्यात क्षणभर सगळे गप्प होतात. ही खानदेशची माणसं आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा इथल्या खोल्यांतून निघालेली, लूमवर आणि साडीच्या कारखान्यात राबणारी. सुरतेला गेलेल्या खानदेशी माणसाला आजारपणात गाव आठवतं, आणि गावाची वाट म्हणजे हीच तापीकाठची गाडी. नंदुरबार गेलं, दोंडाईचा गेलं, अमळनेरला पहाट होते.

तुमच्या बाजूला तिशीचा एक माणूस आहे, सावद्याचा. खिशात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल. सुरतेत त्या दुकानांतून नाहीशा झाल्या आहेत. किती घ्यायच्या, किती दिवस, त्याला कुणी सांगितलेलं नाही. भीती वाटली की तो एक गिळतो. तुम्ही त्याला सांगू शकता, तुमची पट्टी अजून तुमच्याजवळ आहे. सांगा की ज्याचा रोग्याशी जवळून संबंध आला त्यानंच घ्यायची, आणि घ्यायची तर सात दिवस नेमानं. अधूनमधून घेतलेली कॅप्सूल फक्त मनाला बरं वाटायला.

या गाडीतली भीती उंदराची नाही, श्वासाची आहे, आणि ती खोटी नाही. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहज जात नाही, त्याला पिसू लागते. पण एखाद्याच्या फुप्फुसात जंतू उतरला की त्याच्या खोकल्याच्या थेंबातून तो समोरच्याच्या छातीत जातो. मग उंदीर लागत नाही, पिसूही लागत नाही. लागतं ते फक्त समोरासमोर, दोन-तीन हातांच्या अंतरावर असणं. म्हणून रुमाल बरोबर, तोंड फिरवून बसणं बरोबर, खिडकी उघडी ठेवणं बरोबर. शेजारी नुसता खोकला म्हणून त्याला चालत्या गाडीतून उतरवायला निघालेलं ते टोळकं मात्र चूक.

सुरतेतल्या या प्लेगची सुरुवात सुरतेला झाली नाही, आपल्याकडे झाली. बीड जिल्ह्यातलं मामला हे गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत लोक घर सोडून बाहेर शेडमध्ये राहू लागले. घरं रिकामी, पण कणग्या भरलेल्या. उंदरांना याहून चांगलं वर्ष कुठलं? रानचे उंदीर गावात आले, घरचे उंदीर माजले, आणि ऑगस्ट १९९४ च्या सुरुवातीला मामल्यात उंदीर मरून पडू लागले. पाठोपाठ लोकांनी तक्रार केली ती पिसवांची. तापाची तक्रार त्यानंतर. याच क्रमाकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. आधी उंदीर पडला, मग पिसू चावली, मग माणूस आजारी पडला. मधे काही दिवसांचं अंतर होतं, आणि त्या दिवसांत पावडर मारता आली असती. १९६६ साली कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात नोंदलेल्या रुग्णांनंतर देशात २८ वर्षं प्लेग दिसला नव्हता. जे २८ वर्षं दिसत नाही त्याची पाळत ठेवायला पैसे कोण देतो, माणसं कोण नेमतो?

त्या साथीचे जागतिक आरोग्य संघटनेकडचे आकडे: ८७६ रुग्ण, ५४ मृत्यू. पळालेली माणसं मात्र लाखांनी मोजली गेली.

भुसावळला उतरून तुम्ही दोघं एसटी पकडता. तापी ओलांडून फैजपूर, मग सावदा. स्टँडवर कुणीतरी त्याला ओळखतं आणि दोन पावलं मागे सरकतं. गल्लीच्या तोंडाशी त्याचा थोरला भाऊ उभा आहे. त्याला पुढे यायचं आहे, पाय उचलत नाही. मग ओट्यावरून त्यांची आजी बोलते. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज खणखणीत.

"घरात नको येऊ बाप्पा. मयात राहा आठ दिवस. भाकरी पोचवतो आम्ही."

तिच्या बोलण्यात ना राग आहे ना तिटकारा. मळ्यातली खोली झाडून ठेवलेली आहे, बाज टाकलेली आहे, पाण्याचा माठ भरलेला आहे. तिनं हे कुठून आणलं? प्लेगचा जंतू अंगात शिरल्यापासून ताप यायला एक ते सात दिवस लागतात, हे तिला कुणी वाचून दाखवलेलं नाही. तिची आई तिला असंच सांगायची, एवढंच ती सांगते. उंदीर पडला की मयात जायचं. कुणी मरीच्या गावाहून आलं की त्याला मयात ठेवायचं. आठ दिवस.

तो आठ दिवस मळ्यात राहतो. त्याला काही होत नाही. आठव्या दिवशी आजी त्याला ओट्यावर बसवून कळण्याची भाकरी आणि भरीत वाढते आणि पदरानं तोंड पुसत आत जाते.

गोळ्यांची पट्टी द्या. अजून दोन मुक्काम आहेत, आणि आजीची आई शेवटच्या मुक्कामाला आहे.

*

मधला मुक्काम छोटा आहे, आणि तेवढा सावद्यात नाही. १९०५ चा सुमार, मुंबई, परळ. जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हाफकिन या शास्त्रज्ञानं उभी केलेली प्लेग प्रयोगशाळा आहे; १८९९ पासून ती इथे चालते. हाफकिननं जानेवारी १८९७ मध्ये आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. आता नव्या प्लेग कमिशनची माणसं एका साध्या प्रश्नाच्या मागे आहेत: उंदरापासून माणसापर्यंत हे जातं कसं?

प्लेगनं रिकाम्या झालेल्या घरांमध्ये ते गिनी पिगचे पिंजरे ठेवताहेत. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातला प्राणी मरतो. पिसवेची उडी पोचणार नाही इतका उंच टांगलेला वाचतो. बारीक जाळीनं पिंजरा झाकला तरी वाचतो. भोवती चिकट कागद पसरून ठेवला की त्यावर पिसवा अडकतात आणि आतला प्राणी वाचतो. हवा जाळीतून जाते, वास जातो. पिसूच जात नाही. सात वर्षांपूर्वी, जून १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत एका काचेच्या बरणीत दोन उंदीर ठेवून हेच दाखवलं होतं. एक आजारी, एक निरोगी, मधे जाळी. फार थोड्यांनी मनावर घेतलं.

पुढे १९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन आणखी खोल जातील. पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंची गुठळी साचते आणि वाट बंद होते. तिनं ओढलेलं रक्त पोटात पोचत नाही, भूक भागत नाही, म्हणून ती वेड्यासारखी पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक चाव्यात अडलेलं रक्त जंतूंसकट परत आत ओकते. हवा फार तापली की ही गुठळी नीट टिकत नाही, आणि कोरड्या उन्हात पिसवाही मरतात. ज्यानं जळगावचा मे महिना सोसलाय त्याला हे वाचून बरं वाटेल. ज्या उन्हाला आपण शिव्या देतो त्यानंच खानदेशातली साथ दर वर्षी मोडली.

एवढं ज्ञान आता मला परत द्या. पिसू विसरा. पुढच्या मुक्कामाला तिचं नाव कुणी काढणार नाही, तुम्हीही नाही.

*

सावदा. विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे छप्पनच्या दुष्काळानंतरचा एक हिवाळा. वस्ती साडेआठ हजारांच्या आसपास, नगरपालिका १८८३ पासूनची, बाजारात कापूस, हरभरा, जवस, गहू; निमाड आणि वऱ्हाडची जनावरं बाजाराच्या दिवशी इथे विकायला येतात. खांडव्याकडून भुसावळला जाणारी आगगाडी दक्षिणेला दूरवर शिट्टी देते. स्टेशन गावापासून लांब आहे. गाडीतून कापसाच्या गाठी जातात, धान्याची पोती येतात, आणि पोत्यांच्या घडीत बसून आणखी काय येतं ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही ते मघाशीच विसरलात. या घरातली माणसं कल्पनेनं उभी केलेली आहेत. घर मात्र तसंच असायचं.

धाब्याचं घर. जाड मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर माती. आत उजेड कमी आणि ऊब भरपूर. भिंतीतल्या बळदात ज्वारी, कोपऱ्यात शेणानं सारवलेल्या दोन कणग्या, माळ्यावर सरकी. दुष्काळाची आठवण ताजी आहे म्हणून दाणा घरात, उशाशी. तुम्हाला झोपायला जमिनीवर गोधडी दिलेली आहे. माणसं जमिनीवर, दाणा भिंतीत, उंदीर छतात: एका छपराखाली तीन घरं. गेल्या तीन रात्री छतात जरा जास्तच खुडबुड आहे. धावणं, पडणं, चिरकणं. सकाळी घरातली बाई चुलीपुढे बसलेली असते आणि तुळईवरून एक उंदीर खाली पडतो. तो पळत नाही. अंगणाच्या उजेडात येतो, गोल फिरतो, लोळतो, आणि थांबतो.

बाई भाकरी तव्यावरच टाकून उठते. दारात जाऊन ती शेजारणीला एकच गोष्ट विचारते: "तुमच्याकडे उंदरं पडले का व?"

शेजारणीकडे काल दोन पडले. पलीकडच्या आळीत चार.

अर्ध्या तासात गल्ली जागी होते. मुंबईत मांडवीला सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला तेव्हा या रोगाचं नाव काय, येतो कुठून, यावर शहर महिनोन्‌महिने भांडत होतं. इथे कुणी भांडत नाही. रोगाला नावंही पुष्कळ आहेत. गाठ. मरी. वर्तमानपत्रात लिहितात तसा ग्रंथिक सन्निपात. कुणी म्हणतं जमीन बिघडली, कुणी म्हणतं हवा, कुणी म्हणतं मरीमायचा कोप. तुम्हालाही यापेक्षा जास्त काही माहीत नाही. कारणावर कुणाचं एकमत नाही, पण काय करायचं त्यावर सगळ्यांचं आहे. म्हातारी आतून सांगते, "मयात चाला."

म्हातारा मात्र ओट्यावरून उठत नाही. त्याला मरीची भीती आहेच, पण सरकारची जास्त आहे. १८५२ साली जमीन मोजणीच्या विरोधात दहा-पंधरा हजार माणूस याच सावद्यात जमला होता आणि पलटण आणून पुढारी पकडले गेले होते. तेव्हा तो दहा वर्षांचा होता, बापाच्या खांद्यावरून त्यानं बंदुका पाहिल्या. पुण्यात रँडसाहेबाच्या सोजिरांनी घरात घुसून काय केलं तेही त्याच्या कानावर आलंय. रानात गेलो की साहेब येईल, घर उकरेल, छप्पर फोडेल, आजाऱ्याला कारंटीनात नेईल आणि तो परत येणार नाही, असं तो म्हणतो. तुम्हाला त्याला खोटं पाडता येत नाही, कारण यातलं बरंचसं घडलेलं आहे. ज्या सरकारवर लोकांचा विश्वास नाही त्याची चांगली गोष्टही लोक लपवून ठेवतात. टोचून घ्यायला म्हणूनच इथे कुणी सहज हात पुढे करत नाही.

सून त्याच्याशी वाद घालत नाही. ती गोधड्या अंगणात नेते, काठीनं झोडपते, दोरीवर उन्हात टाकते. उलटून पुन्हा टाकते. तुम्ही विचारता कशासाठी. "सासू करते," ती म्हणते. मग ती मेलेल्या उंदराकडे येते. हातानं नाही, चुलीतला लांब चिमटा आणते, गोवरीच्या विस्तवावर उंदराला ठेवते आणि धूर होईपर्यंत लांब उभी राहते. मुलांना ओट्यावरून खाली उतरू देत नाही. तुमचा हात आपोआप खिशाकडे जातो, काहीतरी शोधतो. खिसा रिकामा आहे. काय शोधत होतात तेही आठवत नाही.

दुपारी शेजारचं पोर तापतं. जांघेत अवधान आलंय, पाय लांब करता येत नाही, डोळे लाल, बोलणं अडखळतं. आई जवसाचं पोटीस बांधते, कपाळावर ओलं फडकं ठेवते. आणखी काय करणार? या पोराला वाचवू शकणारं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला अजून ४० वर्षं आहेत. त्याचं नशीब आहे ते गाठ पिकून फुटण्यावर. फुटली तर कधी कधी पोरं वाचतात. जळगावात बहिणाबाई चौधरींचा मुलगा ओंकार प्लेगमधून वाचतो, पण जन्माचं अपंगत्व घेऊन. पुण्यात मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले एका आजारी पोराला पाठीवर घालून दवाखान्यात नेतात. पोर वाचतं, त्या जातात. तुम्ही शेजारच्या दारात उभे राहता, आत पाऊल टाकत नाही, आणि याची लाज तुम्हाला पुढे कितीतरी दिवस वाटत राहील. त्या आईला लाज, भीती, काहीच सुचत नाही. ती पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली आहे.

शेजाऱ्यांचं काय करायचं यावर गल्ली थांबते. सगळेच त्याच रानात निघालेत. शेवटी म्हातारी ठरवते: त्यांचं खोपट नाल्यापलीकडे, एकटं, पण आपल्याच मळ्यात. भाकरी-पाणी नाल्याच्या काठावर ठेवायचं, आईनं येऊन न्यायचं. पोराला गावात एकटं टाकायचं नाही, आणि पोरांच्यात आणायचंही नाही.

संध्याकाळी गाडी जुंपली जाते. तुराट्या, बांबू, चारपाई, भांडी, दिवसभर उन्हात पडलेला दाणा. कणग्यांमधला दाणा तसाच आत राहू देतात. म्हातारी त्यावर हात फिरवते, दुष्काळातलं साल आठवते आणि तरी त्याला हलवत नाही. कारभारी धाब्याला चढून दोन ठिकाणी माती उकरतो, आत उजेडाचे दोन खांब पडतात. दारं-खिडक्या सताड उघडी ठेवायची, महिना-दोन महिने ऊन आत फिरू द्यायचं, उंदरं पडायची पुरती थांबली की मगच परतायचं. म्हातारा अजून ओट्यावर आहे. सून त्याच्यासमोर उभी राहते, काही बोलत नाही, त्याची काठी उचलून गाडीत ठेवते. काठीशिवाय त्याला चालता येत नाही. तो थोडा वेळ रिकाम्या हातांकडे बघतो आणि उठतो.

गाडी गल्लीच्या वळणावर थांबते. कुणीतरी तुम्हाला हाक मारतं. तुम्ही अजून उंबऱ्यात आहात, आणि आत, जिथे तीन रात्री धावपळ चालली होती त्या छतात, आता काहीही हलत नाही.